वेल्ड केलेल्या लोखंडी सांगाड्यांचं फटीग आयुष्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॉली, क्रेन गर्डर, बोगी फ्रेम, कंपन चाळणी, समुद्रातला प्लॅटफॉर्म यांत फारसं साम्य दिसत नाही. फटीगचा, म्हणजे लोड पुन्हा पुन्हा आल्याने पडणारा, तडा मात्र सगळीकडे एकाच ठिकाणी उगवतो, वेल्डच्या कडेला किंवा वेल्डच्या पोटात. अशा सांगाड्यांचं डिझाइन करणारे तरुण इंजिनिअर आणि फॅब्रिकेशनचे कारखाने चालवणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. गणित लागेल तेवढंच आहे, पण जिथे लागतं तिथे ते टाळलेलं नाही.

स्टॅटिक, म्हणजे एकदाच येणाऱ्या लोडच्या, हिशोबात फॅक्टर ऑफ सेफ्टी अडीच आला आहे. मग फटीग वेगळं का तपासायचं?

कारण दोन्ही हिशोब वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. सगळ्यात मोठ्या लोडखाली सांगाडा वाकेल का, तुटेल का, हे स्टॅटिक हिशोब सांगतो. तोच लोड, किंवा त्याच्या निम्मा लोड, लाखो वेळा येऊन गेला तर काय होईल हे त्याला माहीत नसतं. एकोणिसाव्या शतकात प्रशियातल्या रेल्वेचे आस तुटायला लागले, तेव्हा आउगुस्ट व्योलर यांनी वर्षानुवर्षं चाचण्या घेऊन हे पहिल्यांदा नीट मांडलं. एकदा लावला तर निर्धोक असलेला लोड पुन्हा पुन्हा लावला की धातू तोडतो. वेल्ड केलेल्या जोडात ही मर्यादा आणखी खाली येते. यील्ड स्ट्रेंथ (ज्या स्ट्रेसला स्टील कायमचं वाकू लागतं ती) २५० मेगापास्कल असलेल्या प्लेटवर कडेला गसेट, म्हणजे जोडपट्टी, वेल्ड केला, तर २० लाख आवर्तनांसाठी (लोडच्या चढउतारांसाठी) युरोकोड हे युरोपीय डिझाइन मानक तिथे जेमतेम ४० मेगापास्कलची स्ट्रेस रेंज, म्हणजे सर्वांत वरच्या आणि खालच्या स्ट्रेसमधलं अंतर, मान्य करतं. अडीचचा फॅक्टर घेऊन १०० मेगापास्कलवर वापरलेली प्लेट स्टॅटिकमध्ये आरामात पास होते, आणि तोच स्ट्रेस दर फेरीला शून्यापर्यंत उतरून पुन्हा चढत असेल तर सव्वा लाख आवर्तनांतच मान्य आयुष्य संपतं.

जास्त ताकदीचं स्टील वापरलं तर आयुष्य वाढेल ना?

वेल्ड जसाच्या तसा ठेवला तर नाही. हा गैरसमज सर्वांत महाग पडतो, म्हणून कारण नीट समजून घ्या.

साध्या, गुळगुळीत नमुन्यात आयुष्याचा मोठा भाग तडा जन्माला येण्यात जातो आणि तिथे स्टीलची ताकद उपयोगी पडते. वेल्डच्या टोला, म्हणजे वेल्ड आणि मूळ प्लेट जिथे मिळतात त्या रेषेवर, स्लॅगचे (वेल्डच्या मळीचे) बारीक कण आणि अंडरकट (कडेला वितळून पडलेली खाच) आधीपासूनच असतात. त्यांची खोली मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी असते, पण तड्याला सुरुवात करायला तेवढी पुरते. तडा जन्माला येण्याचा टप्पा जवळजवळ नाहीसा होतो आणि उरतं ते फक्त तडा वाढणं. तडा वाढण्याचा वेग सगळ्या स्ट्रक्चरल स्टीलमध्ये जवळपास सारखाच असतो. म्हणूनच आयएस ८०० हे भारतीय मानक असो की युरोकोड, वेल्ड जोडाच्या फटीग तक्त्यात स्टीलचा ग्रेड विचारलेलाच नाही. ई २५० (यील्ड २५० मेगापास्कल) काढून ई ४५० घातलं, प्लेट पातळ केली आणि स्ट्रेस वाढवला, तर सांगाडा हलका होतो आणि त्याचं आयुष्य घटतं.

ॲल्युमिनिअममध्ये परिस्थिती आणखी कठीण आहे. तिथे वेल्ड जोडाला मान्य असलेली स्ट्रेस रेंज स्टीलच्या साधारण ४० टक्के किंवा त्याहूनही कमी असते.

सगळीकडे स्ट्रेस रेंजच का? सरासरी स्ट्रेसचं काय?

वेल्ड थंड होताना आकसतो आणि आजूबाजूची प्लेट त्याला आकसू देत नाही. त्यामुळे जोडात यील्डच्या जवळपास जाणारा ताण कायमचा अडकून बसतो. बाहेरून लोड ० ते ८० येवो किंवा उणे ४० ते अधिक ४०, वेल्डच्या टोला प्रत्यक्ष स्ट्रेस वरच्या टोकापासूनच खालीवर होतो. बाहेरून दाब वाटणाऱ्या भागातही तिथे ताणच असू शकतो. म्हणून मोजायचं ते सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या स्ट्रेसमधलं अंतर. अमेरिकेत लिहाय विद्यापीठात जॉन फिशर यांनी वेल्ड केलेल्या तुळयांवर केलेल्या चाचण्यांतून आणि ब्रिटनमधल्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये टी. आर. गर्नी यांच्या कामातून हेच पक्कं झालं. आजचे कोड त्या पायावर उभे आहेत.

डिटेल कॅटेगरी म्हणजे काय? ७१, ८०, ११२ हे आकडे कसले?

युरोकोड ३ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या म्हणजे आयआयडब्ल्यूच्या शिफारशींत हा आकडा २० लाख आवर्तनांना मान्य असलेली स्ट्रेस रेंज सांगतो, मेगापास्कलमध्ये. ती सरासरी नमुन्याची रेषा नसते. चाचण्यांच्या निकालांमधला विखुरलेपणा धरून ती खाली ओढलेली असते, जेणेकरून बहुतेक जोड तिच्यावर टिकतील.

आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत मात्र तक्त्यातला आकडा ५० लाख आवर्तनांचा आहे. त्यामुळे एकच जोड एका कोडमध्ये एका आकड्याने ओळखला जातो आणि दुसऱ्यात वेगळ्या. एका पुस्तकातला आकडा दुसऱ्याच्या सूत्रात घालू नका. परदेशी सॉफ्टवेअर वापरताना ही गफलत अगदी सहज होते.

स्ट्रेस रेंज आणि आवर्तनं यांच्या लॉग मापाच्या आलेखात या रेषेचा उतार ३ असतो. म्हणजे स्ट्रेस रेंज दुप्पट झाली की आयुष्य आठपट घटतं. उलट बाजूने पाहिलं तर स्ट्रेस वीस टक्क्यांनी उतरवला की आयुष्य जवळपास दुप्पट होतं. डिझाइनमधला हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. २५ मिलिमीटरपेक्षा जाड प्लेट असेल तर मान्य रेंज आणखी कमी करावी लागते. जाड प्लेटमध्ये टोजवळचा वाढीव स्ट्रेस जास्त खोलवर पोचतो.

एखादं छोटं ब्रॅकेट वेल्ड केल्याने खरंच एवढा फरक पडतो?

पडतो, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली आहे.

२७ मार्च १९८० च्या संध्याकाळी उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्रात अलेक्झांडर एल. किलँड हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला. तो कामगारांच्या निवासासाठी वापरला जात होता. त्यावरच्या २१२ जणांपैकी १२३ जण गेले. चौकशीत तडा सापडला तो एका आडव्या नळीवर, हायड्रोफोन (पाण्याखालचा आवाज टिपणारं यंत्र) बसवण्यासाठी केलेल्या आधाराच्या वेल्डशी. तो वेल्ड फक्त ६ मिलिमीटरचा फिलेट, म्हणजे कोपऱ्यात भरलेला तिकोनी वेल्ड, होता. लाटांच्या लोडच्या हिशोबात त्या आधाराला काही कामच नव्हतं. तड्याच्या पृष्ठभागावर रंगाचे अंश सापडले. म्हणजे त्यातला काही भाग प्लॅटफॉर्म बांधतानाच फाटलेला होता आणि त्याच्यावर रंग चढला होता. पुढे लाटांनी तो वाढवत नेला, ती नळी तुटली, तिच्या जोडीच्या बाकीच्या नळ्या मागोमाग तुटल्या आणि प्लॅटफॉर्मचा एक पायच निखळला.

आता हेच तक्त्यात पाहा. प्लेटवर लोडच्या दिशेने वेल्ड केलेलं जोडकाम ५० मिलिमीटरपर्यंत लांब असेल तर युरोकोडची कॅटेगरी ८०. १०० मिलिमीटरपेक्षा लांब झालं की ५६. त्याच स्ट्रेसला आयुष्य एक तृतीयांशावर येतं. फ्लँजच्या (तुळईच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीच्या) कडेला चौकोनी गसेट वेल्ड केला तर ४०. त्याच गसेटला मोठी त्रिज्या दिली आणि वेल्डचं टोक ग्राइंड करून मिळवलं तर ९०, म्हणजे अकरापट आयुष्य. पाइपचा क्लॅम्प, केबलचा हूक, नावाची पाटी, उचलायची कडी यांपैकी काहीही लोड घेणाऱ्या फ्लँजवर वेल्ड करण्याआधी डिझाइन करणाऱ्याला विचारायलाच हवं. ड्रॉइंगवर "या भागात वेल्डिंग करू नये" असं स्पष्ट लिहा. साइटवर कोणीतरी टॅक (छोटा तात्पुरता वेल्ड) मारणारच असतो.

लोड सारखा नसतो, सतत बदलतो. मग आवर्तनं मोजायची कशी?

रेनफ्लो पद्धतीने. तात्सुओ एंडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९६८ मध्ये जपानमध्ये मांडली. नुसती शिखरं मोजली तर मोठ्या चढउतारावर स्वार झालेली लहान आवर्तनं एक तर हरवतात किंवा चुकीची जोडली जातात. रेनफ्लो प्रत्येक बंद होणारं आवर्तन वेगळं काढतं आणि शेवटी मोठा पल्लाही जपतं. अमुक रेंजची इतकी आवर्तनं, असा तक्ता हातात येतो.

त्यानंतर पामग्रेन आणि मायनर यांचा नियम. पामग्रेन यांनी तो १९२४ मध्ये आणि मायनर यांनी १९४५ मध्ये मांडला. एखाद्या रेंजला जोड एक लाख आवर्तनं टिकणार असेल, तर त्या रेंजच्या प्रत्येक आवर्तनाने आयुष्याचा लाखावा भाग खर्च होतो. सगळे भाग जोडायचे. बेरीज १ झाली की आयुष्य संपलं.

उसाच्या ट्रॉलीच्या पुढच्या फ्रेमचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. फ्रेमच्या नळीवर ६० मिलिमीटर लांबीचं ब्रॅकेट आहे, कॅटेगरी ७१. शेतापासून कारखान्यापर्यंतच्या एका भरलेल्या खेपेत १२० मेगापास्कलची १० आवर्तनं, ८० ची २०० आणि ४० ची ४,००० येतात असं धरू. १२० ला जोड सुमारे ४ लाख १४ हजार आवर्तनं टिकतो, ८० ला जवळपास १४ लाख. आलेखातली रेषा ५० लाख आवर्तनांना वळते आणि ४० मेगापास्कल ही रेंज त्या वळणाखाली येते. तिथे उतार ५ धरायचा आणि आयुष्य सुमारे १ कोटी ९१ लाख आवर्तनं मिळतं. बेरीज केली की साधारण २,६५० खेपा येतात.

निम्म्याहून जास्त नुकसान ४० मेगापास्कलच्या लहान आवर्तनांनी केलेलं आहे आणि सर्वांत मोठ्या १० धक्क्यांचा वाटा सात टक्क्यांच्या आत आहे. खड्ड्यात आपटलेली ट्रॉली लक्षात राहते, पण तोडण्याचं काम बहुतेक वेळा रोजची थरथर करत असते. आता ट्रॉलीत ऊस जास्त भरला आणि सगळ्या रेंज पंचवीस टक्क्यांनी वाढल्या तर? आयुष्य २,६५० वरून सुमारे १,०४० खेपांवर येतं. हंगामाच्या मध्यात फ्रेम का फाटली याचं उत्तर बऱ्याचदा या हिशोबात असतं आणि दोष मात्र वेल्डरला लागतो.

बेरीज १ होईपर्यंत चालतं ना?

युरोकोड आणि आयएस ८०० तसं मानतात. आयआयडब्ल्यू बदलत्या लोडसाठी ०.५ वर थांबायला सांगते, कारण प्रत्यक्ष बदलत्या लोडच्या चाचण्यांत बरेच जोड १ च्या आधीच गेलेले दिसतात. माझं मत स्पष्ट आहे. लोड प्रत्यक्ष मोजलेला नसेल किंवा सरासरी स्ट्रेस बराच सरकत असेल, तर ०.५ च घ्या. वरच्या ट्रॉलीच्या उदाहरणात मग १,३०० च्या आसपास खेपा उरतात.

एकाच जोडावर वाकवणारा आणि पिळणारा लोड एकाच वेळी येतो. तेव्हा काय करायचं?

या विषयातला सर्वांत अवघड भाग हाच. आधी एक गोष्ट ठरवा: दोन्ही लोड एका तालात आहेत की नाहीत?

एकाच कारणाने दोन्ही येत असतील, उदाहरणार्थ एका बाजूला काढलेल्या हातावर वजन टांगलं आणि त्यामुळे नळी वाकतेही आणि पिळलीही जाते, तर दोन्ही स्ट्रेस एकत्र चढतात आणि एकत्र उतरतात. मुख्य स्ट्रेसची, म्हणजे त्या जागी कोणत्याही दिशेला येणाऱ्या सर्वांत मोठ्या सरळ स्ट्रेसची, दिशा बदलत नाही. मुख्य स्ट्रेस वेल्डच्या टोला साधारण काटकोनात असेल तर त्याची रेंज घेऊन नेहमीसारखा हिशोब चालतो.

रेल्वेच्या बोगी फ्रेममध्ये तसं नसतं. डब्याचं वजन उभं खालीवर होतं, रुळाच्या असमान उंचीमुळे फ्रेम पिळली जाते, वळणावर आडवा लोड येतो आणि ब्रेकचा लोड ड्रायव्हरच्या मर्जीने येतो. ही कारणं वेगवेगळी, त्यामुळे मुख्य स्ट्रेसची दिशा सतत फिरत राहते. अशा वेळी जर्मनीत डार्मश्टाट इथल्या फ्राउनहोफर संस्थेत सोन्सिनो यांनी नळी आणि फ्लँजच्या जोडांवर केलेल्या चाचण्या फार महत्त्वाच्या ठरल्या. वाकवणं आणि पिळणं एकमेकांच्या मागेपुढे केलं, तर त्याच आकाराच्या लोडला जोडाचं आयुष्य घटतं. सगळे स्ट्रेस एका आकड्यात मिळवणारा व्हॉन मिझेसचा साधा सूत्रहिशोब मात्र तिथे आयुष्य वाढेल असं सांगतो. म्हणजे सॉफ्टवेअरमधला सर्वांत ओळखीचा रंगीत नकाशा इथे धोक्याच्या बाजूला चुकतो.

कोडमधला सोपा मार्ग असा. सरळ स्ट्रेसची रेंज तिच्या मान्य रेंजने भागा आणि वर्ग करा. शिअरचंही (पिळण्याने येणाऱ्या कातर स्ट्रेसचंही) तसंच करा. दोन्हींची बेरीज एका तालातल्या लोडसाठी १ च्या आत आणि ताल वेगळा असेल तर ०.५ च्या आत ठेवा, असं आयआयडब्ल्यू स्टीलसाठी सांगते. युरोकोडमध्ये सरळ स्ट्रेसला घात ३ आणि शिअरला घात ५ आहे, कारण शिअरच्या रेषेचा उतार ५ असतो.

अधिक नेमकं हवं असेल तर क्रिटिकल प्लेन पद्धत. वेल्डच्या टोवरच्या प्रत्येक जागी दहा दहा अंशांनी प्रतलं फिरवा. प्रत्येक प्रतलावर काळानुसार स्ट्रेस काढा, रेनफ्लो करा, नुकसान काढा आणि सर्वांत वाईट प्रतल निवडा. एक अट पाळावीच लागते: सगळे लोड एकाच घड्याळावर नोंदलेले हवेत. प्रत्येक लोडचा रेनफ्लो आधी वेगळा केला आणि मग तक्ते एकत्र केले, तर कोणता लोड केव्हा आला ही माहिती कायमची जाते. नंतर कोणतंही सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही.

एफई (फायनाइट एलिमेंट) मॉडेलमधला स्ट्रेस कोणत्या जागेचा घ्यायचा? मेश, म्हणजे मॉडेलची जाळी, बारीक केली की आकडा वाढतच जातो.

वाढणारच. वेल्डचा टो म्हणजे मॉडेलमध्ये एक धारदार कोपरा. तिथला स्ट्रेस मेश जेवढी बारीक तेवढा वर जातो, त्याला थांबा नाही. त्या एका नोडवरचा (जाळीच्या बिंदूवरचा) आकडा कोणत्याही तक्त्याशी ताडू नका.

जोड तक्त्यातल्या चित्रासारखा असेल तर नॉमिनल स्ट्रेस, म्हणजे वेल्डचा स्थानिक परिणाम सोडून साध्या सूत्राने येणारा स्ट्रेस, घ्या, हातानेही निघतो. आकार गुंतागुंतीचा असेल आणि तडा टोपासून निघणार असेल तर हॉट स्पॉट स्ट्रेस. टोपासून प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावर पृष्ठभागावरचा स्ट्रेस वाचा. पहिल्याला १.६७ ने गुणा, त्यातून दुसऱ्याचा ०.६७ पट वजा करा. हा आकडा लोड वाहून नेणाऱ्या फिलेट वेल्डसाठी ९० च्या आणि लोड न वाहणाऱ्यासाठी १०० च्या रेषेशी ताडा. तिसरी पद्धत नॉच स्ट्रेसची. टो आणि रूट (वेल्डचं आतलं मूळ) दोन्हींना १ मिलिमीटर त्रिज्या देऊन फार बारीक मॉडेल करायचं आणि २२५ च्या रेषेशी ताडायचं. मेहनत जास्त, पण रूटचा तडा पकडणारी हीच.

रूटबद्दल एवढी काळजी का?

टोचा तडा रंग उडाला की दिसतो. रूटचा तडा वेल्डच्या आत वाढतो आणि बाहेर येतो तेव्हा बहुतेक घसा (वेल्डची सर्वांत अरुंद जाडी) खाल्लेला असतो. घशातून फाटणाऱ्या फिलेट वेल्डची कॅटेगरी म्हणूनच जेमतेम ३६ आहे. २१ ऑक्टोबर १९९४ ला दक्षिण कोरियात सोल शहरातल्या सोंगसू पुलाचा मधला भाग नदीत कोसळला आणि ३२ जण गेले. तिथे ट्रसच्या उभ्या भागांतल्या वेल्डचं पेनिट्रेशन, म्हणजे प्लेटच्या जाडीत उतरणं, अपुरं होतं. मोठा लोड घेणाऱ्या आडव्या जोडात शक्य तिथे फुल पेनिट्रेशन मागा, बेव्हल करून (कडा तिरपी कापून) घ्या आणि अल्ट्रासोनिक तपासणीचा खर्च धरूनच भाव द्या.

स्ट्रेन गेज (प्लेटवर चिकटवून ताण मोजणाऱ्या पट्ट्या) कुठे आणि कसे लावायचे?

टोवर नाही, टोपासून वर सांगितलेल्या अंतरांवर. स्ट्रेसची दिशा बदलत असेल तर एकेरी गेजऐवजी तीन दिशांची रोझेट. नोंदीचा वेग सर्वांत जलद महत्त्वाच्या कंपनाच्या किमान दहापट ठेवा, नाहीतर शिखरं कापली जातात आणि आयुष्य खोटंच जास्त दिसतं. रस्ता खरा निवडा. रिकामी ट्रॉली, भरलेली ट्रॉली, कच्चा रस्ता, कारखान्याच्या वजनकाट्यावरचा चढ, जोरात ब्रेक, सगळं नोंदीत यायला हवं. डांबरी रस्त्यावरच्या एका फेरीतून पाच वर्षांचं आयुष्य काढलेला अहवाल मी मान्य करणार नाही.

लाटा आणि वाऱ्यासाठीही असंच मोजतात का?

तिथे काळाऐवजी फ्रिक्वेन्सीत काम करणं सोपं जातं. स्पेक्ट्रमवरून (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे त्या आलेखावरून) थेट रेनफ्लोसारखं वितरण देणारं डर्लिक यांचं १९८५ चं सूत्र अजूनही खूप वापरात आहे. मुंबई हायसारख्या क्षेत्रात जॅकेटच्या, म्हणजे प्लॅटफॉर्म पेलणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्याच्या, नळ्यांचे टी, वाय आणि के आकाराचे जोड प्रत्येक दिशेच्या आणि उंचीच्या लाटांसाठी तपासावे लागतात. समुद्राच्या पाण्यात गंजापासून संरक्षण नसेल तर ज्याखाली नुकसानच नाही अशी मर्यादा उरत नाही, लहान लाटाही मोजाव्या लागतात. पुन्हा तपासताच न येणाऱ्या, महत्त्वाच्या जोडांसाठी उत्तर समुद्रातले नियम डिझाइन आयुष्याच्या दहापट आयुष्य मागतात.

प्रयोगशाळेत पूर्ण फ्रेमची चाचणी कशी असते?

बोगी फ्रेमच्या युरोपीय मानकात एकूण १ कोटी आवर्तनं आहेत: ६० लाख मूळ लोडवर, मग २० लाख १.२ पटीवर आणि शेवटचे २० लाख १.४ पटीवर. दर टप्प्याला तडे तपासतात. उभा, आडवा आणि पिळाचा लोड ठरलेल्या क्रमाने एकत्र देतात.

ग्राइंडिंगने किती फायदा होतो? स्ट्रेस रिलीव्हिंग करावं का?

टो बर ग्राइंडरने नीट घासला किंवा टिग टॉर्चने पुन्हा वितळवला, तर मान्य रेंज १.३ पट धरता येते. आयुष्यात तो साधारण दुपटीहून थोडा जास्त फायदा. घासताना अंडरकटच्या तळाच्याही खाली अर्धा मिलिमीटर जायला हवं आणि घासण्याच्या रेघा लोडच्या दिशेने हव्यात. डिस्कने नुसती चमक आणलेली पुरत नाही. हॅमर पीनिंग (टोवर हातोडीने ठोकणं) टोला दाब देऊन जातं, चांगल्या स्टीलमध्ये त्याचा फायदा आणखी जास्त. मात्र तडा रूटमधून येणार असेल तर टोवरची सगळी मेहनत वाया जाते.

भट्टीतल्या स्ट्रेस रिलीव्हिंगचा, म्हणजे तापवून अडकलेला ताण उतरवण्याचा, फायदा तेव्हाच, जेव्हा आवर्तनाचा काही भाग दाबात असतो. तेव्हा युरोकोड दाबाचा भाग ६० टक्केच धरू देतो. सगळं आवर्तन ताणातच असेल तर फटीगसाठी त्यावर पैसे घालू नका.

तडा दिसला. वरून पट्टी मारली तर?

गॅरेजमध्ये सर्रास हेच होतं, आणि पट्टीच्या टोकाशी काही महिन्यांत नवा तडा येतो. पट्टीच्या टोकाला लोडच्या आडवा पडलेला फिलेट वेल्ड हा तक्त्यातल्या वाईट जोडांपैकी एक आहे. जाडीप्रमाणे त्याची कॅटेगरी ५६ ते ३६. जुन्या जोडापेक्षा कमजोर जोड तुम्ही स्वतः बसवता.

आधी तड्याचं टोक डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरणाऱ्या रंगाने) शोधा. डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे ते असतं. टोकाला भोक पाडल्याने वेळ मिळतो, दुरुस्ती होत नाही. तडा पूर्ण गाउज करून (खोदून) काढा, फुल पेनिट्रेशनने भरा, दोन्ही पृष्ठभाग ग्राइंड करून सपाट करा. मग तडा इथेच का आला ते शोधा. कारण न बदलता नुसता भरलेला वेल्ड पहिल्याएवढाच टिकेल, तोही काम उत्तम झालं तर. पट्टी लावणं भागच असेल तर टोकं निमुळती कापा, ती कमी स्ट्रेसच्या जागी न्या आणि फ्लँजच्या आडवा वेल्ड टाळा.

तपासणी किती दिवसांनी?

आयएस ८०० मध्ये फटीगचा फॅक्टर १.०० ते १.३५ आहे. जोडापर्यंत हात पोचतो का, नियमित तपासणी होते का आणि एक भाग गेला तर बाकीचे लोड पेलतील का, यावर तो ठरतो. १.३५ लावला की मान्य आयुष्य जवळपास अडीचपट घटतं. म्हणजे जिथे तपासणी जमणार नाही तिथे जास्त लोखंड घालावं लागतं. पहिली तपासणी हिशोबाने आलेल्या आयुष्याच्या बऱ्याच आधी ठेवा. पुढच्या तपासण्यांमधलं अंतर तडा दिसू लागल्यापासून धोकादायक लांबीपर्यंत वाढायला लागणाऱ्या काळाच्या निम्म्याहून कमी हवं. तो काळ तडा वाढण्याचा वेग सांगणाऱ्या, पॅरिस या संशोधकाच्या नावाच्या नियमाने काढता येतो. उसाच्या ट्रॉलीला दर हंगामाआधी आणि हंगामाच्या मध्यात एकदा फ्रेम धुवून, रंग खरवडून, ब्रॅकेटांची टोकं आणि हुकाभोवतालचे वेल्ड डाय पेनिट्रंटने पाहा. त्याला लागणारे तीन डबे, क्लीनर, डाय आणि डेव्हलपर, वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतात.